सहजीवनाच्या वचनाचा दिवस

कार्तिकात तुळशीची लग्ने लागली की मराठी मुलखात लगीनसराईचे वारे वाहू लागतात. मंगल कार्यालयांच्या तारखा कधीच्याच भरलेल्या असतात, याद्या होतात, मांडवाचे खांब रोवले जातात, गावोगावच्या बँडवाल्यांना उसंत राहत नाही. याच गजबजीत, कधी कार्तिकाच्या अखेरीस तर कधी मार्गशीर्षाच्या ऐन भरात, १ डिसेंबर ही तारीख येते. १९८८ पासून हा दिवस जगभर एड्स दिन म्हणून पाळला जातो. महाविद्यालयांच्या प्रभातफेऱ्या निघतात, सरकारी रुग्णालयांच्या दारात लाल फिती लावल्या जातात, सायंकाळी कुठे मेणबत्त्या पेटतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा आपापल्या मांडवात परततो. लगीनसराई आणि एड्स दिन एकाच ऋतूत यावेत हा केवळ पंचांगाचा योगायोग. पण या योगायोगाकडे थोडे थांबून पाहिले तर त्यात आपल्याला आपल्याच घराविषयी काही उमगू शकते.

आपल्याकडे कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराकडून शब्द घेतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत मी हिला डावलून वागणार नाही, असे वर अग्नीच्या आणि आप्तेष्टांच्या साक्षीने कबूल करतो. कुणाचा निकाह होतो, कुणी चर्चमध्ये शपथ घेतो, कुणाचा मंगल परिणय बुद्धमूर्तीसमोर पार पडतो. विधी निराळे असले तरी एकमेकांच्या देहाची आणि आयुष्याची जबाबदारी पत्करण्याचा आशय सगळीकडे एकच आहे. आणि आपल्या पूर्वजांनी त्या वचनात कामाचा उच्चार संकोच न करता, वडीलधाऱ्यांसमोर, भरल्या मांडवात केला. पुढे मात्र त्या विषयावर पडदा पडतो तो आयुष्यभरासाठी. धर्माची चर्चा देवघरात होते, अर्थाची ओसरीवर होते. कामाविषयी मात्र नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. एड्सला कारण ठरणारा एचआयव्ही हा विषाणू आपल्या घरांत शिरला तो बहुतेकदा याच न बोलण्याच्या आडोशाने.

मागे वळून पाहिले तर भारतातल्या या विषाणूविरुद्धच्या लढ्याची सुरुवातच एका बाईच्या धाडसाने झाली, हे आठवते. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, आणि भारतात हा विषाणू असल्याचा पहिला पुरावा समोर आला. डॉ. सुनीती या चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी गायतोंडे घराण्यातल्या. हा रोग परदेशातला आहे, आपल्या संस्कृतीत त्याला थारा मिळणार नाही, अशी त्या काळी कितीतरी जणांची समजूत होती. ती समजूत त्या नमुन्यांनी मोडीत काढली. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने संशोधन आणि उपचार केंद्र उभारले. हजारो बाधितांना तिथे औषध मिळाले, आणि डॉ. सुनीतींनी कित्येकांच्या सोयरिकीही जुळवल्या. ज्या आजाराने माणसाला मांडवाबाहेर उभे केले, त्याच आजाराच्या माणसांना त्यांनी पुन्हा मांडवात आणले. २०१५ मध्ये त्या गेल्या, पण बाधित माणसालाही सहजीवनाचा हक्क आहे ही त्यांची शिकवण या दिवशी आवर्जून आठवावी अशी आहे.

सुरुवातीच्या वर्षांत आपण या विषाणूला काही ठरावीक गल्ल्यांचा, काही ठरावीक माणसांचा मानले. मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, महामार्गावरचे ढाबे, भिवंडी-कळंबोलीचे ट्रकतळ अशी त्याची हद्द आपण मनोमन आखून टाकली आणि हद्दीच्या अलीकडे आपले घर सुरक्षित आहे असे धरून चाललो. ही समजूत पुण्याच्याच एका अभ्यासाने उघडी पाडली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांपैकी ज्या देहविक्रय करत नव्हत्या, त्यांतल्या शंभरांमागे तेरा-चौदा जणी एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या, आणि आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. व्रतवैकल्ये करणाऱ्या, वडाला फेऱ्या मारणाऱ्या, नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी उपास धरणाऱ्या बायकांच्या देहात हा विषाणू त्याच नवऱ्याकडून आला होता. एकाची निष्ठा दोघांना वाचवू शकत नाही, हे कटू सत्य या अभ्यासाने आपल्यासमोर ठेवले.

आजही आपल्या देशात एचआयव्हीची लागण होणाऱ्या दहापैकी आठांहून अधिक जणांना ती स्त्री-पुरुष संबंधांतून होते. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात २५ लाखांहून अधिक माणसे या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. सर्व राज्यांत बाधितांची संख्या सर्वाधिक आहे ती महाराष्ट्रात, जवळपास चार लाख. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारावरून जाणारा नाही, आपल्या अंगणातला आहे. आणि तो मुख्यतः दोन माणसांमधल्या सर्वांत जवळच्या, सर्वांत खाजगी नात्याचा प्रश्न आहे.

या विषाणूची वाट समजून घेणे अवघड नाही. रक्त, वीर्य, योनिस्राव आणि अंगावरचे दूध यांतून तो एका देहातून दुसऱ्यात जातो. हस्तांदोलनाने, एकत्र जेवल्याने, डास चावल्याने जात नाही. स्त्री-पुरुष संबंधात तो दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो, पण निसर्गाने स्त्रीच्या देहाची रचना अशी केली आहे की तिला धोका अधिक. कोवळ्या वयाच्या मुलीला तर त्याहून अधिक. गुप्तांगावर जखम असेल, गरमीसारखा दुसरा संसर्ग असेल, तर लागणीची शक्यता कित्येक पटींनी वाढते, म्हणून अशा आजारांवर वेळेत उपचार घेणे हाही एचआयव्ही टाळण्याचाच एक भाग आहे. प्रत्येक संबंधात लागण होतेच असे नाही, आणि नेमके हेच फसवे ठरते. ‘काही झाले नाही’ या दिलाशावर माणूस वर्षे काढतो. त्यातच लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचे प्रमाण रक्तात सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच काळात चाचणी कधी कधी तो दाखवत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस स्वतःच्याही नकळत हा वारसा घरी आणतो.

तो रोखण्याचे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि आजही खात्रीचे साधन म्हणजे निरोध. १९६८ मध्ये सरकारने तो कुटुंबनियोजनासाठी घराघरांत नेला, लाल त्रिकोणाच्या फलकांसोबत तो खेड्यातल्या दुकानांत पोहोचला. नियमित आणि योग्य वापर केला तर स्त्री-पुरुष संबंधांतली लागण तो सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी करतो, हे अभ्यासांनी दाखवून दिले आहे. पण संततिनियमनाच्या काळात तो आपल्या मनात केवळ पाळणा लांबवण्याचे साधन म्हणून रुजला, आणि बायकोची शस्त्रक्रिया झाली की निरोधाची गरज संपली असे पुरुष मानू लागले. नवऱ्याला निरोध वापर म्हणणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असा अर्थ आपल्या घरांत अजूनही काढला जातो. ज्या बाईकडे स्वतःच्या नावाचा सातबारा नाही, हाताशी पैसा नाही, जिला माहेरी परतायचे दार नाही, तिने हा हट्ट धरावा तरी कसा?

तरीही या साधनाचा सन्मान आपल्याला शिकवला तो समाजाने ज्यांना सर्वांत खाली ढकलले त्या बायकांनी. सांगलीच्या गोकुळनगरात १९९२ पासून मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या बायकांसोबत काम सुरू केले. त्या बायकाच पुढे एकमेकींच्या शिक्षिका झाल्या. निरोधाविना गिऱ्हाईक घ्यायचे नाही, हे त्यांनी आपसांत ठरवले. १९९६ मध्ये त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभी केली. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्याच काळात अशीच वाट पाडली होती. तिकडे थायलंडने १९९१ मध्ये देशभरातल्या वेश्यागृहांत निरोध सक्तीचा केला. काही वर्षांतच त्याचा वापर नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला आणि लागणीची लाट ओसरली. दूरदेशीचा तो अनुभव आणि सांगलीचा अनुभव एकच गोष्ट सांगतात. ज्यांच्या हातात आधी अधिकार दिला, त्यांनीच आधी बचाव केला. हा अधिकार घरातल्या गृहिणीला अजून पुरता मिळालेला नाही, हे मान्य करताना आपल्याला अवघडल्यासारखे झाले, तर ते अवघडलेपण योग्यच आहे.

मधल्या काळात औषधांनी चित्र पालटले, आणि त्यातही मराठी मातीचा वाटा आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने, डॉ. युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, तीन औषधांचा संच वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केला. तोवर हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे जात होता आणि गरीब देशांना तो स्वप्नवत होता. १ एप्रिल २००४ रोजी आपल्या सरकारने मोफत उपचार सुरू केले, तेव्हा पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. एआरटी केंद्रातून, म्हणजे सरकारी एचआयव्ही उपचार केंद्रातून, मिळालेली गोळी रोज घेणाऱ्या माणसाचे आयुष्य आता बहुतेक इतरांसारखेच असते. तो नोकरी करतो, शेती करतो, मुलांना शाळेत सोडतो, म्हातारा होतो.

त्याहून मोठा शोध पुढे लागला. बाधित जोडीदाराला लवकर औषध दिले तर दुसऱ्याला लागण होणे टळते का, हा प्रश्न नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांना घेऊन तपासला गेला. ही बहुतांश स्त्री-पुरुषांचीच जोडपी होती, एक बाधित, एक अबाधित. आणि त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली आणि चेन्नईच्या डॉ. सुनीतींच्या केंद्रातली जोडपीही होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला, लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. युरोपातल्या पुढच्या एका अभ्यासात, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, औषधाने विषाणू दबलेला असताना जोडप्यांनी निरोधाविना सुमारे ५८ हजार वेळा संबंध ठेवले तरी जोडीदाराकडून जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. याचा साधा अर्थ असा की नेमाने गोळ्या घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही न उरलेल्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. पुण्या-चेन्नईतल्या ज्या जोडप्यांनी आपल्या खाजगी दुःखाला विज्ञानाच्या कामी लावले, त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, पण त्यांच्यामुळे आज जगातले कितीतरी नवरा-बायको निर्भयपणे एकत्र नांदतात, मुलांना जन्म देतात. आपल्या परंपरेत ऋण मानण्याची रीत आहे. हे ऋणही त्यातच मोजायला हवे.

अबाधित जोडीदारासाठीही आता औषध आहे. केनिया आणि युगांडातल्या जोडप्यांवर झालेल्या अभ्यासाने २०१२ मध्ये दाखवून दिले की लागण न झालेल्या व्यक्तीने ठरावीक गोळ्या आधीपासून घेतल्या तर धोका मोठ्या प्रमाणात टळतो. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही २०२२ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका व युगांडातून जी बातमी आली ती तर या साऱ्या लढ्यातली सर्वांत आशादायी म्हणावी अशी. लेनाकापाव्हिर हे इंजेक्शन वर्षातून फक्त दोनदा घेतलेल्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. नवऱ्याची परवानगी न मागता, उशाशी गोळ्या लपवून न ठेवता, वर्षातून दोनदा दवाखान्यात जाऊन स्त्रीने स्वतःचे रक्षण करावे, अशी वाट विज्ञानाने मोकळी केली आहे. हे औषध कमी किमतीत बनवण्याचे परवाने ज्या कंपन्यांना मिळाले आहेत, त्यांत भारतीय कंपन्याच अधिक आहेत, पुण्याची एक त्यांत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी गरिबांसाठी औषध स्वस्त करून दाखवलेल्या देशाला ते पुन्हा करून दाखवण्याची संधी आहे.

इतकी साधने हाती असताना मग उणे काय राहिले? आकडे सांगतात की २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत देशातली नवी लागण सुमारे ४४ टक्क्यांनी घटली, मृत्यू त्याहून कितीतरी अधिक घटले. ही कमाई लहान नाही. तरी २०२३ मध्येही अडुसष्ट हजारांच्या आसपास नव्या लागणी झाल्या, आणि बाधितांपैकी जवळजवळ पाचांतल्या एकाला आपल्याला विषाणू आहे हेच ठाऊक नाही. औषध त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? तो चाचणीपर्यंतच पोहोचत नाही. आणि इथे आपल्या घरातल्या रीतीचा प्रश्न येतो.

आपल्याकडे बहुतेक बायकांची एचआयव्ही चाचणी पहिल्यांदा होते ती गरोदरपणात. आशाताई तिला आरोग्य केंद्रात नेतात, रक्त घेतले जाते, समुपदेशक बसवून बोलतात. ही व्यवस्था पोटातल्या बाळाला वाचवते आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे घरात सर्वांत आधी निदान होते ते सुनेचे, आणि जिचे निदान आधी, तिनेच हा आजार आणला असा निवाडा सासरी क्षणात होतो. ‘पांढऱ्या पायाची’ हा जुना शिक्का नव्या कागदावर उमटतो. नवऱ्याची चाचणी मागाहून होते, कधी होतच नाही. तो आजारी पडून गेला तर त्याचा दोषही तिच्याच पदरात पडतो. कोवळ्या वयात कपाळ पुसलेल्या, शेतातला वाटा नाकारलेल्या, मुलासह माहेरच्या ओसरीवर परतलेल्या अशा किती बाया आपण आपल्या आसपास पाहिल्या आहेत. अहिल्यानगरच्या ‘स्नेहालय’ने, पंढरपूरच्या ‘पालवी’ने, लातूरजवळच्या ‘सेवालय’ने अशा मुलांना आणि मायलेकरांना पदराखाली घेतले, म्हणून समाजाची लाज काही अंशी राखली गेली. पण ही घरे उभारावी लागणे हीच आपल्या नात्यागोत्यांच्या व्यवस्थेवरची टीका आहे.

हा निवाडा उलटवण्याचा मार्ग एकच आहे आणि तो अत्यंत साधा आहे. पुरुषाने आधी चाचणी करून घ्यावी. लग्न ठरताना करावी, बायकोला दिवस राहिले की तिच्यासोबत जाऊन करावी, कामानिमित्त महिनोन्‌महिने घराबाहेर राहावे लागत असेल तर परतल्यावर करावी. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या बीड-जालन्याहून कोल्हापूर-सांगलीकडे निघतात, कोकणातले आणि घाटावरचे चाकरमानी मुंबईच्या खोल्यांत राहतात, चालक मुंबई-बंगळूर रस्त्यावर रात्री काढतात. पोटासाठी केलेल्या या स्थलांतरात कुणालाही संशयाने पाहण्याचे कारण नाही. पण दीर्घ विरहात माणूस चुकूही शकतो, आणि चूक झाली असेल तर तिचे प्रायश्चित्त बायकोच्या देहाने भोगू नये, इतकी व्यवस्था त्याने स्वतः करायला हवी. एक चाचणी, लागण निघाली तर लगेच गोळ्या, आणि विषाणू दबेपर्यंत निरोध. वचनात कामाचा उच्चार करणाऱ्या वराकडून याहून वेगळी अपेक्षा ती काय असणार?

लग्नाआधी एचआयव्ही चाचणी कायद्याने सक्तीची करावी, असा विचार आपल्या राज्यातही मधून मधून डोके वर काढतो. त्यामागची काळजी खरी आहे, पण सक्तीने ती भागत नाही. लागणीनंतर लगेच केलेली चाचणी फसवू शकते. एका दिवसाचे प्रमाणपत्र पुढच्या तीस वर्षांची हमी देत नाही. आणि सक्तीचा अहवाल गावभर झाला की मुलीचेच लग्न मोडते. म्हणूनच २०१७ मध्ये संसदेने केलेल्या आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीसाठी संमती आवश्यक केली, गोपनीयतेला संरक्षण दिले, नोकरी, शाळा, दवाखाना, घर यांत भेदभावाला मनाई केली. त्याच कायद्याने समुपदेशन झालेल्या बाधित व्यक्तीवर दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्यही टाकले, आणि हिंसेची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असलेल्या स्त्रीला मात्र आधार दिला. हक्क आणि कर्तव्य यांचा असा तोल कायद्याने साधला आहे. तो आपल्या वागण्यात उतरायचा आहे. सक्तीपेक्षा रीत बळकट असते. साखरपुड्याआधी मुलगा-मुलगी दोघांनी एकत्र जाऊन रक्त तपासून घ्यावे, समुपदेशकाशी बोलावे, अशी रीत दहा सुशिक्षित घरांनी पाडली तर ती शंभर घरांत जाईल. हुंड्याविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध, विधवेच्या केशवपनाविरुद्ध आपण रीती बदलल्याच आहेत.

आणि मोकळेपणाचा वारसाही आपल्याकडे नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, स्त्री-पुरुष संबंध, गुप्तरोग, स्त्रीचा स्वतःच्या देहावरचा अधिकार या विषयांवर मराठीत स्वच्छपणे लिहिले. त्यासाठी खटले सोसले, नोकरी गेली, पण लेखणी थांबली नाही. पत्नी मालतीबाईंची साथ त्यांना लाभली, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. अशा माणसांच्या महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम अश्लील ठरवून थांबवावा, हे आपल्या वारशाला शोभणारे नव्हते. आज मोबाइलच्या पडद्यावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वाट्टेल ते दिसते. खरे आणि निरोगी तेवढे त्याला कुणी सांगत नाही. स्वतःच्या देहाविषयी, दुसऱ्याच्या संमतीविषयी, निरोधाविषयी आणि चाचणीविषयी शाळेतल्या बाईंनी, घरातल्या आई-बापांनी त्याच्याशी बोलणे ही संस्कृतीची हानी नसून तिची राखण आहे.

दरवर्षी येणाऱ्या तारखा हिशेब मांडण्यासाठी असतात. या तारखेला आपण गेलेल्यांचे स्मरण करतो, ते करायलाच हवे. ज्या पिढीने औषधांआधीच्या काळात तरुणपणीच डोळे मिटले, तिची आठवण पुसली जाऊ नये. परंतु स्मरणाचे खरे सार्थक पुढच्या वर्षीच्या हिशेबात दिसायला हवे. डॉक्टरांनी गुप्तरोगाच्या रुग्णाला जोडीदारासह बोलवावे. ग्रामपंचायतीने पाठपुरावा करून बाधित विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढवून घ्यावे. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांनी समुपदेशकांना मंचावर स्थान द्यावे. साखर कारखान्यांनी टोळ्यांच्या वस्तीवर चाचणीची गाडी बोलवावी. राष्ट्रीय मदतवाहिनीचा १०९७ हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर, एसटी स्थानकावर, ट्रकतळावर ठळक दिसावा. तो फुकट आहे आणि तिथे नाव विचारून कुणी अब्रू काढत नाही.

आणि ज्या घरांत या लगीनसराईत सून येणार आहे, जावई होणार आहे, त्या घरांतल्या थोरांनी एवढे मनावर घ्यावे. मुलाला शेजारी बसवून सांगावे की नवरा होणे म्हणजे आधी स्वतःची तपासणी करून घेणे, खरे सांगणे, गरज पडली तर औषध घेणे आणि बायकोने काळजीचा शब्द काढला तर तो संशय न मानता ऐकून घेणे. ज्ञान आपल्याकडे आहे, औषध आहे, कायदा आहे. एका जोडीदाराकडून दुसऱ्याला होणारी लागण थांबवणे आता दैवाच्या नव्हे, माणसांच्या हातात आहे. आणि त्यातले पहिले पाऊल पुरुषाचे आहे. आरोग्य केंद्रातल्या त्या खिडकीपुढे यंदा तिच्या आधी त्याने आपले नाव नोंदवावे.